कॉफीची तरतरी हवी, धडधड नको: वनौषधी आणि मशरूम कॉफीसोबत कसे घ्यायचे

सकाळी ११ ला दुसरा मग संपला की माझी बोटं कीबोर्डवर थरथरायची, एकच ओळ तीनदा टाईप करावी लागायची, छातीत उगाच धडधड, आणि डोक्यात सतत असं की काहीतरी राहिलंय, कुठेतरी उशीर झालाय. दुपारी ३ ला मात्र डोळे मिटायला लागायचे, मग तिसरा मग, आणि रात्री १ वाजेपर्यंत टक्क जागी. हे कित्येक वर्षं चाललं. मग मी तेच केलं जे आता बरेच जण करतात, अश्वगंधा आणली, रोडिओला नावाची वनौषधी आणली, मशरूम कॉफीचा (मशरूमची पूड मिसळलेल्या कॉफीचा) डबा आणला आणि सगळं एकाच आठवड्यात सुरू केलं, कॉफी मात्र तेवढीच ठेवली. धडधड कमी व्हायच्या ऐवजी वाढली, आणि सगळं एकत्र सुरू केल्यामुळे नेमकं कशाने वाढली तेही कळेना.

त्यानंतर मी एकेक गोष्ट वेगळी करून, वहीत लिहून, नीट वाचून बघितली. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितेय. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते, कॉफीत चिमूटभर कुठलीही पावडर टाकली म्हणून त्या कपातलं कॅफीन शांत होत नाही. कॅफीनवर असा उतारा नाहीये. आधी कॉफी स्वतः जागेवर आणायची, तिचं प्रमाण आणि वेळ, आणि मग वनौषधी त्या त्या वेळेला बसवायच्या. हा क्रम उलटा केला की आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं होतं.

आधी कॉफीचं गणित

दिवसभर आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचं एक द्रव्य साठत जातं आणि ते जितकं साठेल तितकी झोप यायला लागते. कॅफीन काय करतं, तर ॲडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं. ॲडेनोसिन कमी होत नाही, ते बाहेर रांगेत उभंच असतं, फक्त त्याला आत जागा मिळत नाही. कॅफीन उठून गेलं की ती सगळी रांग एकदम आत घुसते, आणि तो जो दुपारचा धप्पकन येणारा थकवा असतो तो बऱ्याच अंशी हाच. सोबत ॲड्रेनॅलिनही वाढलेलं असतं, म्हणून धडधड आणि हाताचा कंप.

प्यायल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात कॅफीन रक्तात सगळ्यात जास्त असतं, आणि त्यातलं निम्मं उतरायला सरासरी ५ तास लागतात. सरासरी म्हणजे अगदीच सरासरी हं, कुणाला २ तास लागतात तर कुणाला ९. हे यकृतातल्या एका एन्झाईमवर ठरतं, ते कुणाचं जन्मतःच चपळ असतं तर कुणाचं संथ. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये हा वेळ जवळपास दुप्पट होतो, गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत तर १५ तासांपर्यंत जाऊ शकतो, आणि सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये उलट बराच कमी होतो. म्हणून ज्यांनी नुकतीच सिगरेट सोडलीय आणि अचानक कॉफीने जीव घाबरा व्हायला लागलाय, त्यांनी आधी कॉफी कमी करावी, दुसरं काही शोधत बसू नये. काही औषधांनीही हा वेग खूप मंदावतो, सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक किंवा फ्लुवॉक्सामिन ही नैराश्याची गोळी ही त्यातली नेहमीची नावं.

आता हिशोब. संध्याकाळी ४ ला २०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलं तर रात्री ९ ला त्यातलं १०० अजून अंगात आहे, म्हणजे एक छोटा कप कॉफी पिऊन झोपायला गेल्यासारखंच. २०१३ च्या एका अभ्यासात झोपायच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं होतं, तेव्हाही लोकांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी कॉफी जास्त लागते, आणि चक्र सुरू.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये जी मर्यादा सांगितली ती निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळी २०० मिलिग्रॅम, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या बायकांना दिवसाला २००. ऐकायला भरपूर वाटतं, पण एकदा स्वतःच्या मगात किती जातं ते मोजा. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजलं तेव्हा एका मगासाठी मी २२ ग्रॅम पावडर टाकत होते. अरेबिका बियांमध्ये साधारण १.२ टक्के कॅफीन असतं, म्हणजे २२ ग्रॅममध्ये २६० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि गाळताना त्यातलं बहुतेक खाली उतरतं. एकाच मगात २०० ची मर्यादा पार. आणि माझ्या पाकिटात रोबस्टा ही कॉफीची दुसरी जातही मिसळलेली होती, तिच्यात तर कॅफीन जवळपास दुप्पट असतं. मी ज्याला तीन मग म्हणत होते ते खरं म्हणजे सहा-सात कप होते.

त्यामुळे पहिले दोन आठवडे कुठलीही वनौषधी आणू नका. फक्त एवढं करा: पावडर वजनाने मोजा, दर तीन-चार दिवसांनी थोडी थोडी कमी करत या, किंवा एकूण पावडर तेवढीच ठेवून त्यात डिकॅफचा, म्हणजे कॅफीन काढून घेतलेल्या कॉफीचा, भाग वाढवत न्या (डिकॅफमध्येही थोडंसं कॅफीन असतं, अगदी शून्य नसतं). शेवटचा कप झोपेच्या निदान ८ तास आधी. अनशापोटी पिऊ नका, काहीतरी खाऊन मग प्या, रिकाम्या पोटी कॅफीन पटकन चढतं. एकदम सोडायच्या भानगडीत पडू नका कारण १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं, पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट जातात आणि आठवडाभर मूड जातो, मग माणूस कंटाळून परत जुन्या मगावर येतो.

माझी धडधड यातच अर्ध्याहून जास्त गेली. विकत मिळणाऱ्या मशरूम कॉफीबद्दलही हेच आहे. त्या डब्यातल्या एका कपात बऱ्याचदा नेहमीच्या कॉफीच्या निम्मंच कॅफीन असतं, कारण निम्मी जागा मशरूमने घेतलेली असते. ती प्यायल्यावर जी शांतता वाटते तिचं बरंचसं श्रेय कमी झालेल्या कॅफीनला आहे. वाईट काहीच नाही त्यात, पण माहीत असलेलं बरं.

अडॅप्टोजेन म्हणजे नेमकं काय

अश्वगंधा, रोडिओला असल्या वनौषधी आणि काही मशरूम अडॅप्टोजेन या नावाने विकले जातात. हा शब्द १९४७ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय लाझारेव यांनी वापरला, आणि पुढे इस्राएल ब्रेखमन यांनी त्याचे निकष मांडले: वनस्पती विषारी नसावी, ताण कुठल्याही प्रकारचा असला तरी शरीराला टिकून राहायला मदत करावी, आणि बिघडलेलं दोन्ही बाजूंनी मध्यावर आणावं. कल्पना छान आहे, पण युरोपच्या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये स्पष्ट लिहिलं की वैद्यकीय भाषेत ही संज्ञा अजून मान्य झालेली नाही. म्हणजे अडॅप्टोजेन हा पाकिटावर लिहायला सोपा शब्द आहे, आतल्या प्रत्येक वनस्पतीचं काम मात्र वेगळं आहे. आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण यातल्या काही अंगात तरतरी आणतात आणि काही शांत करतात, आणि डब्यावर सगळ्यांना एकच नाव.

रोडिओला, जिनसेंग, एल्युथेरो (सायबेरियन जिनसेंग) आणि मशरूममध्ये कॉर्डिसेप्स, ही तरतरी आणणारी मंडळी. ज्याला आधीच कॉफीने हात कापतायत त्याने वर रोडिओला घेतला तर आगीतून फुफाट्यात. माझं तेच झालं होतं. अश्वगंधा, तुळस, रेशी मशरूम ही शांत बाजूची. लायन्स मेन हे मशरूम या दोन्हींच्या मधे कुठेतरी, ना झोप आणणारं ना उडवणारं.

कपात टाकायचं तर एल-थियानिन

त्याच कपातली तिखट धार कमी करायचीय, आजच्या आज, असं असेल तर सगळ्यात जास्त आधार एल-थियानिनला आहे. ही वनौषधीही नाही आणि मशरूमही नाही, चहाच्या पानात असणारं अमिनो आम्ल आहे ते. चहात कॅफीन असूनही तो कॉफीसारखा अंगावर येत नाही, त्यामागचं एक कारण म्हणून याचंच नाव घेतलं जातं. अभ्यासांमध्ये ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफीनसोबत साधारण १०० मिलिग्रॅम थियानिन दिलं तेव्हा लक्ष एका कामातून दुसऱ्या कामात नेताना चुका कमी झाल्या असं दिसलं. घरी लोक सहसा १०० ते २०० मिलिग्रॅम एका कपासोबत घेतात. पावडर पाण्यात विरघळते, चव फार नाही, कॅप्सूल असेल तर कॉफीच्या पहिल्या घोटाबरोबर गिळायची. मी १०० वर आहे आणि मला तेवढं पुरतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, कारण थियानिन दाब थोडा खाली आणू शकतं.

अश्वगंधा कपात नको, रात्री

अश्वगंधेबद्दल जरा थांबून सांगते कारण सगळ्यात जास्त चुका हिच्याच बाबतीत होतात. पहिली गोष्ट, ती कपाकपाने काम करत नाही. जे अभ्यास झाले ते आठवड्यांचे आहेत. २०१२ च्या एका अभ्यासात ६४ लोक होते, त्यातल्या निम्म्यांना मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं ६० दिवस दिलं, त्यांचं रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जवळपास २८ टक्के उतरलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं ८ टक्के. म्हणजे परिणाम आहे, पण तो दोन महिन्यांचा, आज सकाळच्या धडधडीवरचा नाही. सकाळी कॉफीत चिमूटभर टाकून ११ वाजता शांत वाटेल अशी अपेक्षा ठेवली तर निराशाच होणार.

दुसरं म्हणजे चव. अश्वगंधा नावातच घोड्याचा वास आहे आणि पावडरचा डबा उघडला की तो खरोखर येतो, ओल्या तबेल्यासारखा, मातकट, आणि मागून कडवट. चांगल्या कॉफीत ही टाकणं म्हणजे दोन्हीचा नास. शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा, त्यातल्या सोम्निफेराचा अर्थच झोप आणणारी. मग सकाळच्या कॉफीत कशाला? रात्री जेवणानंतर, अर्क असेल तर ३०० मिलिग्रॅमची एक गोळी, नुसतं चूर्ण असेल तर अर्धा चमचा कोमट दुधात. रात्री झोप सुधारली की सकाळी कॉफीची गरजच कमी होते, हा हिचा कॉफीशी खरा संबंध आहे. मला साधारण तिसऱ्या आठवड्यात जाणवलं की अलार्मच्या आधी जाग येतेय आणि दुसऱ्या मगाची आठवण उशिरा होतेय.

पाकिटावर मूळ की पान ते वाचा, अभ्यास बहुतेक मुळाचे आहेत. सलग ३ महिन्यांपेक्षा जास्त घेण्याची पुरेशी तपासणी झालेली नाही, म्हणून मी दोन-अडीच महिने घेऊन मध्ये मोठी सुट्टी देते. आणि वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका, यकृताला इजा झाल्याच्या मोजक्या का होईना नोंदी आहेत, डेन्मार्कने २०२३ मध्ये हिच्यावर बंदीच घातली. गरोदर असाल तर अजिबात नाही. थायरॉईड, मधुमेह, रक्तदाब, झोपेच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. थायरॉईडवाल्यांसाठी अजून एक, कॉफीमुळेही लेव्होथायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही, त्यामुळे गोळी घेतल्यावर अर्धा ते एक तास कॉफी नको, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तुळस मी दुपारसाठी ठेवलीय. तीनच्या मगाची जी सवय होती ती हातात काहीतरी गरम धरायची होती हे मला उशिरा कळलं. उकळतं पाणी पानांवर ओतायचं, वर झाकण ठेवायचं (वासाची तेलं वाफेबरोबर उडून जातात) आणि ७-८ मिनिटांनी गाळायचं. कॅफीन शून्य. बाकी फार मोठे दावे मी करणार नाही.

रोडिओला घ्यायचाच असेल तर कॉफीच्या जागी घ्या, कॉफीवर नको. ज्या दिवशी कॉफी टाळायचीय पण काम खूप आहे अशा दिवशी सकाळी २०० मिलिग्रॅम, अर्कावर ३ टक्के रोसाव्हिन आणि १ टक्का सॅलिड्रोसाईड (रोडिओलातली मुख्य द्रव्यं) असं लिहिलेलं असतं ते बघून. दुपारनंतर घेतला तर झोप उडते. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नकोच.

मशरूम: कुठलं, किती, कसं

लायन्स मेन हे पांढरं, लांब केसांच्या झुपक्यासारखं मशरूम. याच्या फळात हेरिसेनोन आणि मुळासारख्या जाळ्यात एरिनासिन ही द्रव्यं असतात, त्यांचा मज्जापेशींच्या वाढीशी असलेला संबंध प्रयोगशाळेत दिसलाय. माणसांवरचा २००९ चा जपानी अभ्यास नेहमी सांगितला जातो, ५० ते ८० वयाचे ३० लोक, ज्यांना विसरभोळेपणाची सुरुवात होती, त्यातल्या निम्म्यांना १६ आठवडे दिवसाला ३ ग्रॅम पावडर दिली आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांचे गुण वाढले, बंद केल्यावर ४ आठवड्यांत परत उतरले. छोटा अभ्यास आहे, आणि तिशीतल्या धडधाकट माणसाचं लक्ष त्याने दुप्पट होईल असं त्यातून निघत नाही. तरी सकाळच्या कॉफीत टाकायला हेच सगळ्यात सोयीचं, कारण चव मवाळ असते, थोडी भाजलेल्या धान्यासारखी, आणि कॉफीशी भांडत नाही.

टाकायची पद्धत: अर्काची पावडर साधारण १ ग्रॅम, म्हणजे अर्धा छोटा चमचा, मगात आधी घ्या. त्यात दोन चमचे कोमट पाणी घालून गुठळ्या मोडेपर्यंत घोटा, पातळ पेस्ट होईल. मग त्यावर गरम कॉफी ओता आणि ढवळा. सरळ कॉफीवर पावडर भुरभुरली तर ती वर तरंगते, गोळे होतात आणि शेवटच्या घोटात तोंडात येतात. गरम कॉफीने मशरूमचा गुण जातो का असं विचारतात, तर नाही, त्यातलं बीटा-ग्लुकन हे मुख्य द्रव्य काढायलाच मुळात गरम पाणी वापरतात.

अर्क नसेल, नुसती वाळवलेल्या मशरूमची पूड असेल, तर ती तशीच कपात टाकण्यापेक्षा उकळून घेतलेली बरी. मशरूमच्या पेशींची भिंत कायटिनची असते, तीच जी खेकड्याच्या कवचात असते, आपल्याला ती नीट पचत नाही. ती पूड पाण्यात मंद आचेवर २० मिनिटं उकळायची, गाळायची, आणि त्याच गरम पाण्याने कॉफी करायची. ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे, वेगळं काही प्यायल्यासारखं वाटतच नाही, फक्त कॉफीला एक गोलाई येते.

रेशी रात्रीचं. लाकडासारखं कडक आणि कडू, खरंच कडू, कारण त्यातली ट्रायटर्पीन द्रव्यं कडू असतात. कॉफीत टाकलं तर कडूवर कडू. वाळलेले काप ३ ते ५ ग्रॅम, अर्धा लिटर पाण्यात झाकून तासभर मंद आचेवर, निम्मं राहिलं की गाळायचं, संध्याकाळी उशिरा प्यायचं. ट्रायटर्पीन पाण्यात नीट उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागतं, म्हणून चांगल्या अर्काच्या डब्यावर दुहेरी अर्क असं लिहिलेलं असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर रेशी नको, आणि ऑपरेशन ठरलेलं असेल तर दोन आठवडे आधी बंद करा.

कॉर्डिसेप्स सकाळी, व्यायामाच्या आधी, ज्यांना कॉफीने त्रास होत नाही अशांनीच. बाजारात जे मिळतं ते बहुतेक मिलिटारिस जातीचं, शेतात नव्हे तर बरण्यांमध्ये वाढवलेलं, आणि ते ठीकच आहे.

चागाबद्दल मात्र मला सावध करावंसं वाटतं. थंड प्रदेशात बर्चच्या झाडावर कोळशासारखा काळा गोळा वाढतो तो चागा, दुसऱ्या महायुद्धात कॉफी मिळेना तेव्हा फिनलंडमध्ये लोक तो उकळून प्यायचे, रंग आणि चव खरंच कॉफीच्या जवळ जाते. पण त्यात ऑक्सलेट प्रचंड असतं. जपानमध्ये एका वयस्कर बाईंनी सहा महिने रोज चार-पाच चमचे पूड घेतली आणि त्यांची किडनी निकामी झाल्याची नोंद आहे. मुतखड्याचा इतिहास असेल किंवा किडनी नाजूक असेल तर चागाच्या वाटेला जाऊच नका, बाकीच्यांनीही रोजची सवय करू नये.

डबा घेताना

बरीच मशरूम पावडर ही मशरूमची नसतेच, ती धान्यावर वाढवलेल्या जाळ्याची असते, आणि धान्यासकट दळलेली. म्हणजे आपण पैसे देऊन पीठ खातो. पाकिटावर पॉलिसॅकराईड (साखरेच्या लांब साखळ्यांची द्रव्यं) ४० टक्के असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण स्टार्चही पॉलिसॅकराईडच आहे. बघायचा आकडा बीटा-ग्लुकनचा.

मी घरी एक साधी चाचणी केली. दोन वेगवेगळे लायन्स मेनचे डबे, दोन पांढऱ्या बशा, प्रत्येकीत पाव चमचा पावडर आणि थोडं गरम पाणी, थंड झाल्यावर जखमेला लावायच्या आयोडिनचे दोन-दोन थेंब. एका बशीत रंग आयोडिनचाच राहिला, पिवळट तपकिरी. दुसरीत थेंब पडला तिथे आधी जांभळी रेघ उमटली आणि बघता बघता सगळं पाणी शाईसारखं निळंकाळं झालं. आयोडिन स्टार्चला भेटलं की असं होतं. तो दुसरा डबा मी चार महिने रोज मन लावून पीत होते. फार वाईट वाटलं. (ते पाणी अर्थातच ओतून द्यायचं, आणि ही चाचणी फिकट रंगाच्या पावडरलाच जमते, चागासारख्या काळ्या पुडीत काही दिसत नाही.)

तयार मिश्रणात सात-आठ वनस्पती एकत्र असतील आणि प्रत्येकीचं वजन लिहिलेलं नसेल तर तो डबा मी परत ठेवते. त्यातून ज्येष्ठमध आहे का तेही बघा, गोडव्यासाठी बऱ्याच मिश्रणात टाकतात. रोज जास्त प्रमाणात गेला तर ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं, आणि कॉफीनेही दाब थोडा वेळ चढतोच, मग दोन्ही मिळून नको तो प्रकार.

एका वेळी एकच

आता प्रत्यक्ष सुरुवात. कॉफी कमी केलेले पहिले दोन आठवडे झाले की एकच गोष्ट निवडा. सकाळी हात कापतात, पण झोप ठीक आहे, तर थियानिन. झोपच लागत नाही, तर आधी शेवटचा कप अजून लवकर, सकाळकडे आणा, आणि मग अश्वगंधा किंवा रेशी, दोन्ही नाही. दुपारचा कप सुटत नाही तर तुळस. लक्ष लागत नाही एवढीच तक्रार असेल तर लायन्स मेन, आणि त्याला निदान दोन-तीन महिने द्यायची तयारी ठेवा.

वहीत रोज चार गोष्टी लिहा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे: किती ग्रॅम कॉफी, शेवटचा कप किती वाजता, धडधड शून्य ते पाच, झोप किती वाजता लागली. थियानिनचा फरक आठवड्यात कळतो, बाकीच्यांना वेळ लागतो. मग मुद्दाम दोन आठवडे बंद करा आणि आकडे बघा. बंद केल्यावर काहीच बदललं नाही तर ती गोष्ट तुमच्यासाठी नाही, कितीही महागाची असो आणि कुणीही सांगितलेली असो. अंगावर पुरळ, खाज, श्वास घ्यायला त्रास असं काही मशरूमनंतर झालं तर त्याच दिवशी बंद. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद पिवळी झाली, भूक मेली, तर सगळं थांबवून डॉक्टर गाठायचा आणि काय काय घेत होतो ते पाकिटांसकट दाखवायचं. आणि कॉफी अगदी कमी करूनही छाती धडधडतेच, ठोके चुकल्यासारखे वाटतात, तर पावडरी बदलत बसू नका, हृदय आणि थायरॉईड तपासून घ्या.

माझ्या वहीत शेवटी जे टिकलं ते असं: सकाळी नाश्ता झाल्यावर साडेनऊला एक मग, १४ ग्रॅम पावडर, त्यातली ५ डिकॅफची, सोबत १०० मिलिग्रॅम थियानिन आणि लायन्स मेनचा अर्धा चमचा. साडेबाराला एक छोटा कप, फक्त काम जास्त असेल त्या दिवशी. तीनला तुळस. अश्वगंधा वर्षातून दोनदा, दोन-दोन महिने. रेशी मी तीन महिने घेऊन बंद केली तेव्हा झोपेचे आकडे जिथल्या तिथेच राहिले, त्यामुळे ते काप आता डब्यात तसेच पडून आहेत. रोडिओला बंदच आहे. धडधडीच्या रकान्यात गेले कित्येक आठवडे शून्य नाहीतर एक आहे, आणि ज्या दोन दिवशी तीन लिहिलंय त्या दोन्ही दिवशी मी पावडर न मोजता अंदाजाने टाकली होती.